साहस कुणाचे, आठवण कुणाची?

'नॉस्टॅल्जिया' या शब्दासाठी मराठीत 'स्मरणरंजन' हा प्रतिशब्द आता चांगलाच रुळला आहे. शब्द देखणा आहे यात शंका नाही, परंतु मूळ शब्दातली एक महत्त्वाची गोष्ट त्यात उतरलेली नाही. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली आपल्या प्रबंधात हा शब्द घडवला, तो ग्रीक भाषेतल्या 'परतणे' आणि 'वेदना' या अर्थांच्या दोन शब्दांची जोडणी करून. घरापासून दूर पडलेल्या माणसांना जडणाऱ्या आजाराचे ते नाव होते. मराठीत येताना त्यातली वेदना गळाली आणि तिच्या जागी रंजन आले. भाषेत असे घडतेच, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत बालपणीच्या साहसकथांकडे वळलेले चित्रपट पाहताना हा प्रतिशब्द आम्हांला वारंवार आठवत राहिला. यांतल्या बऱ्याच चित्रपटांतही वेदना गळाली आहे आणि रंजन तेवढे उरले आहे, असे आमचे मत झाले आहे. ते का झाले, हे सांगण्याचा हा प्रयत्न.

ही लाट केवळ आपल्याकडची नाही. स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'ई. टी.'ने (१९८२) आणि 'द गूनीज'ने (१९८५) एक पिढी घडवली. ती पिढी मोठी होऊन स्वतः चित्रपट करू लागली, तेव्हा तिने त्याच सायकली, त्याच विजेऱ्या आणि तीच जंगले पुन्हा पडद्यावर आणली. जे. जे. एब्रम्सचा 'सुपर ८' (२०११) १९७९ सालात घडतो. २०१६ मध्ये सुरू होऊन २०२५ मध्ये संपलेली 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका १९८३ सालापासून सुरू होते. २०२३ च्या 'इंडियाना जोन्स अँड द डायल ऑफ डेस्टिनी'त तर ऐंशीच्या घरातल्या हॅरिसन फोर्डला संगणकाच्या साहाय्याने तरुण करून दाखवले गेले. या कलाकृती टाकाऊ आहेत असे आमचे म्हणणे नाही. 'स्ट्रेंजर थिंग्ज'चे पहिले पर्व आम्हीही रात्री जागून पाहिले. पण एक साधी गोष्ट सहसा नजरेआड होते. 'ई. टी.'मधला इलियट १९८२ सालच्या प्रेक्षकाच्या शेजारच्याच घरात राहत होता. त्याचे घर, त्याची खेळणी, त्याच्या आईवडिलांचे वेगळे होणे हे सारे त्या दिवसाचे होते. त्या चित्रपटाला भूतकाळाची गरज पडली नव्हती. त्याचे अनुकरण करणाऱ्यांनी त्याच्यातले सारे सामान उचलले, मात्र त्याचे वर्तमानात असणे त्यांच्या हातून निसटले.

मराठीत या प्रश्नाचे सर्वांत लख्ख उदाहरण म्हणजे 'फास्टर फेणे'. भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) फुरसुंगीच्या बनेश फेणेला जन्माला घातले. त्याआधी १९५१ साली त्यांनी 'बालमित्र' हे मासिक काढले होते आणि ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत आणल्या होत्या, म्हणजे साहसकथा ही काय चीज आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांचा हा काडीपैलवान पोरगा सायकलवर मांड ठोकतो, जिभेने 'ट्टॉक्' असा आवाज काढतो आणि कुठल्याही भानगडीत नाक खुपसतो. ही पुस्तके आज चाळली की जाणवते ते असे, की भागवत चालू काळाचे लेखक होते. चीनशी झालेल्या युद्धाची पार्श्वभूमी असलेली कथाही या मालिकेत आहे. वाचणारा मुलगा वर्तमानपत्रात वडीलधाऱ्यांच्या हातून जे उडत उडत ऐकत होता, त्याच्या ऐन मध्यावर भागवत त्याच्याच वयाच्या मुलाला नेऊन उभे करत. 'आमच्या वेळी' हा शब्दप्रयोग त्या कथांच्या स्वभावातच नाही.

दूरदर्शनवर १९८०च्या दशकात या कथांवर मालिका आली, तेव्हा सुमीत राघवन बनेश झाला होता आणि तो मुलगाच होता. त्यानंतर २०१७ साली आदित्य सरपोतदार यांनी 'फास्टर फेणे' हा चित्रपट केला. त्यात अमेय वाघ यांनी रंगवलेला बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला पुण्यात येतो आणि परीक्षेतल्या गैरव्यवहाराच्या मागे लागतो. चित्रपट चुरचुरीत आहे, गिरीश कुलकर्णींचा खलनायक लक्षात राहतो, आणि विषय तर आजचाच आहे. या बाबतीत पटकथाकार क्षितिज पटवर्धन यांनी भागवतांची रीत पाळली असेच म्हणावे लागेल. तरीही एक फार मोठा बदल झाला, आणि त्याची हवी तेवढी चर्चा झाली नाही. बनेश मोठा झाला. साहस करण्याचा अधिकार मुलाकडून तरुणाकडे गेला, आणि मुलाच्या वाट्याला नायकाचा चुणचुणीत सोबती होणे आले. शिवाय चित्रपटात खुद्द भा. रा. भागवत हे पात्र म्हणून वावरतात. दिलीप प्रभावळकरांनी ते मोठ्या मायेने उभे केले आहे. पण ते पात्र पाहून ज्याचा गळा दाटून येतो, तो प्रेक्षक चाळिशीच्या पुढचा असतो. शेजारी बसलेल्या त्याच्या दहा वर्षांच्या मुलीला हे आजोबा कोण, हे त्याला कानात सांगावे लागते.

आमच्या मते हा सारा प्रश्न त्या कानातल्या कुजबुजीत आहे. चित्रपटाचे नाव, जाहिरात आणि पात्र हे सारे बालवाङ्मयातले, पण त्याचा मनातला प्रेक्षक मात्र एकेकाळचा बालवाचक. बालवाङ्मयाच्या अभ्यासात एक जुना प्रश्न विचारला जातो: हे कुणासाठी लिहिले आहे? चित्रपटाच्या बाबतीत तो विचारायला आपण बिचकतो, कारण चित्रपट 'सहकुटुंब' असतो असे आपण गृहीत धरले आहे. सहकुटुंब पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटातही कुणाची नजर पडद्यामागे उभी आहे, हे मात्र तपासता येते.

येथे थोडे तात्त्विक बोलणे भाग आहे. साहस म्हणजे काय? पुढे काय होणार हे ठाऊक नसताना पाऊल उचलणे. भुयाराच्या पलीकडे वाट आहे की भिंत, हे आत शिरणाऱ्याला माहीत नसते, म्हणून तर ते साहस. आठवणीत याच्या नेमके उलट घडते. आठवणारा माणूस भुयारातून केव्हाच सुखरूप बाहेर पडलेला असतो, नाहीतर तो आठवायला उरलाच नसता. त्याला शेवट ठाऊक असतो. तेव्हा 'साहसाचे स्मरणरंजन' या शब्दप्रयोगातच एक अंतर्विरोध दडलेला आहे. अंधार, पाऊस, किल्ला, सायकल ही साहसाची सामग्री स्मरणाला पुन्हा उभी करता येते, पण साहसाचा प्राण असलेली अनिश्चितता उभी करता येत नाही. दिग्दर्शकाने आपले मोठेपणीचे ज्ञान बाजूला ठेवून पुन्हा त्या भुयाराच्या तोंडाशी उभे राहायचे ठरवले, तरच ते जमते. स्वेतलाना बॉयम या अभ्यासिकेने आपल्या २००१ सालच्या ग्रंथात नॉस्टॅल्जियाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा बांधू पाहणारा, आणि दुसरा त्या हरवण्याकडेच विचारपूर्वक पाहत राहणारा. साहसपटांची आजची लाट बहुतांशी पहिल्या प्रकारची आहे. दुसऱ्या प्रकारची उदाहरणे थोडी आहेत, पण ती पाहिली की फरक लगेच ध्यानात येतो. रॉब रायनरचा 'स्टँड बाय मी' (१९८६) १९५९ सालाकडे मागे वळून पाहतो, पण त्या पाहण्याचे निमित्त असते मित्राच्या मृत्यूची बातमी. तिथे होफरच्या शब्दातली वेदना शाबूत आहे.

मराठीत या दुसऱ्या प्रकाराचे नाव घ्यायचे तर अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'चे घ्यावे लागेल. २०१४ च्या बर्लिन महोत्सवात बालपरीक्षकांनी त्याला 'क्रिस्टल बेअर' दिला, ही गोष्ट आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण तो निवाडा मोठ्यांच्या गहिवराचा नव्हता. वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला चिन्मय नव्या मित्रांबरोबर सायकलींच्या शर्यतीत किल्ल्यावर पोहोचतो, पाऊस कोसळू लागतो, आणि मित्र त्याला तिथेच सोडून निघून जातात. त्या प्रसंगात निसर्ग विलक्षण सुंदर टिपला आहे, पण चिन्मयला तो सुंदर वाटत नाही. त्याला भीती वाटते, आणि नंतर मित्रांचा संताप येतो. दिग्दर्शकाने स्वतःच्या बालपणाशी नाते सांगणारी ही गोष्ट रचताना प्रौढाचा उमाळा मुलाच्या चेहऱ्यावर चिकटवलेला नाही.

परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) तर सरळ वर्तमानातच उभा आहे. पंढरपुरातली दोन भावंडे, घरावर कर्ज, बँकेने जप्त केलेले आईचे यंत्र, आणि विकायला निघालेली 'एलिझाबेथ' नावाची सायकल. ती वाचवण्यासाठी मुले एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडतात. येथे गुहा नाही, नकाशा नाही आणि चोरांची टोळीही नाही. पण पैसे जमतील की नाही हे मुलांना ठाऊक नाही आणि आपल्यालाही ठाऊक नाही, म्हणून हा पुरेपूर साहसपट आहे. सायकल दिवंगत वडिलांची आठवण आहे, तेव्हा स्मरणही येथे आहेच. फरक इतकाच, की ते मुलांचे स्मरण आहे आणि त्याची किंमत त्यांना आज मोजायची आहे.

आणि 'फँड्री'? नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट (२०१३) बालसाहसपटांच्या यादीत कुणी घालत नाही. पण जब्या गलोल घेऊन माळरानावर काळ्या चिमणीच्या मागे फिरतो, त्यात एका साहसकथेची सगळी लक्षणे आहेत: दुर्मीळ वस्तू, तिच्याबद्दलची दंतकथा, जिवाभावाचा मित्र आणि मनातली मोठी आस. दुसऱ्या एखाद्या मुलाच्या बाबतीत हीच गोष्ट पुढे 'काय ते दिवस' म्हणून सांगितली गेली असती. जब्याच्या बाबतीत गाव तिला तशी राहू देत नाही, आणि डुकरे पकडण्याच्या प्रसंगात ती चिरडली जाते. स्मरणरंजनाला ज्या बालपणात प्रवेशच नाही, असे बालपण मंजुळे यांनी दाखवले. त्यामुळे आमच्यासमोर आणखी एक प्रश्न उभा राहिला: आपण ज्याला 'आपल्या सगळ्यांचे बालपण' म्हणतो, ते नेमके किती जणांचे? उन्हाळ्याची सुट्टी, मामाचा गाव, वाचनालयातून आणलेली पुस्तके ही एका वर्गाची मिळकत होती. ती खोटी नव्हती. पण तिच्या नावाने साऱ्या महाराष्ट्राच्या बालपणाचा हिशेब मांडता येणार नाही.

हा विचार आम्हांला नाशिक जिल्ह्यात राहून अधिक बोचतो, कारण भारतातल्या बालसाहसपटाची एक मुळी याच जिल्ह्यात आहे. दादासाहेब फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा. 'राजा हरिश्चंद्र'नंतर १९१३ मध्येच त्यांनी आपला संसार आणि कारखाना नाशिकला हलवला. १९१९ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतून त्यांचा 'कालिया मर्दन' बाहेर पडला. त्यात कृष्ण झाली होती त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी फाळके तिला तिच्याच रूपात दाखवतात. ती चेहऱ्यावर निरनिराळे भाव आणते, आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. त्यानंतर सवंगड्यांबरोबरच्या खोड्या, लोणीचोरी, आणि शेवटी डोहात उडी घेऊन कालियाशी झुंज. कथा पुराणातली, शेवट साऱ्या गावाला पाठ. तरीही डोहाकाठी जमलेल्यांच्या जिवाची घालमेल आपल्यापर्यंत पोहोचते, कारण पाण्यात एक खरेखुरे लहान मूल उतरलेले असते. फाळक्यांनी 'आमच्या वेळचा कृष्ण' दाखवला नाही. त्यांनी आपल्या घरातले पोर उचलले आणि त्याच्या हाती गोष्ट सोपवली. पुढे परेश मोकाशी यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त (२००९) खुद्द फाळक्यांची चरित्रकथा मुलाच्या उत्साहाने सांगितली, यात आम्हांला एक प्रकारची परतफेड दिसते.

आता आक्षेपाचा विचार. कुणी म्हणेल, तिकीट मोठी माणसे काढतात, मुले नव्हे. जुने नाव असल्याशिवाय पालक चित्रपटगृहात येत नाहीत, आणि पालक आल्याशिवाय मुले येत नाहीत. हा युक्तिवाद व्यवहाराच्या दृष्टीने बिनतोड आहे. १९५५ साली स्थापन झालेली बालचित्र समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, म्हणजे केवळ मुलांचा विचार करणारी स्वतंत्र सरकारी संस्थाही आता राहिली नाही. परंतु मराठीतला अनुभव या युक्तिवादाला पुरता दुजोरा देत नाही. 'चिंटू २' (२०१३) या चित्रपटाने त्या दिवसांतल्या मुलांनाच खजिन्याच्या शोधात धाडले होते. 'नाळ' (२०१८) कुठल्याही जुन्या नावाच्या पुण्याईवर आला नव्हता, तरी लोकांनी त्याला उचलून धरले. त्याच्या दुसऱ्या भागात (२०२३) चैत्या जन्मदात्या आईच्या गावी जातो, आणि त्या भागाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलाच्या डोळ्यांनी सांगितलेली आजची गोष्ट लोक पाहतात, एवढे तरी यावरून म्हणता येईल.

आम्ही हे दिंडोरीहून लिहीत आहोत, तेव्हा दिंडोरीबद्दल दोन शब्द. या तालुक्यात आशेवाडीच्या डोक्यावर रामशेज किल्ला उभा आहे. संभाजी महाराजांच्या काळात, १६८२ पासून सुमारे पाच वर्षे, मूठभर शिबंदीने तो औरंगजेबाच्या सरदारांविरुद्ध लढवला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून लाकडी ओंडके पोखरून, त्यांना कातडे लावून तोफा केल्याचे खाफीखानाने लिहिले आहे. गड भुताटकीच्या जोरावर झुंजतो आहे असे वाटून मोगलांनी एका मांत्रिकाला सोन्याचा साप घडवून दिला, तो हातात धरून मांत्रिक पुढे निघाला, आणि गडावरून आलेल्या गोफणीच्या दगडाने त्याला आडवे केले, हीही त्याचीच हकिकत. भागवतांच्या हाती हे पडते, तर त्यांनी एखाद्या आशेवाडीच्या पोराला ती गोफण दिली असती. अलीकडच्या ऐतिहासिक चित्रपटांत किल्ले भरपूर आहेत, पण त्यांत मूल असलेच तर ते मोठ्यांच्या पराक्रमाकडे डोळे विस्फारून पाहण्यापुरते.

आणि इतिहासाकडे जायचीही गरज नाही. दिंडोरीच्या द्राक्षबागांत हंगामात पेठ-सुरगाण्याकडून कामाला येणारी कुटुंबे असतात, त्यांच्याबरोबर त्यांची मुले असतात. कादवेच्या काठाने, करंजवण आणि ओझरखेडच्या धरणांभोवती, अनोळखी बागेत आणि अनोळखी शाळेत ही मुले जे रोज करतात, त्यात धाडस आहे, कुतूहल आहे आणि धोकाही आहे. ते सारे रम्य आहे असा आमचा मुळीच दावा नाही. उलट ते रम्य नाही, म्हणूनच त्याला स्मरणरंजनाचा साचा चालणार नाही. त्यासाठी आज तिथे जाऊन पाहणारा कुणी तरी लागेल. वर्गात मुलांना आवडत्या साहसपटाचे नाव विचारले, तर ती परदेशी चित्रपटांची नाही तर जपानी कार्टूनची नावे सांगतात. यात त्यांचा काही दोष नाही. त्यांच्या भाषेत, त्यांच्या वयाचा, त्यांच्या काळातला नायक त्यांना आपण फार क्वचित दिला आहे.

याच जिल्ह्यातल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. सोसलेल्या गोष्टी सांगताना त्या हसतात आणि हसवतात, पण काहीही गोड करून सांगत नाहीत. आठवणीचा असा खणखणीत वारसा असलेल्या भाषेने चित्रपटात मात्र इतक्या स्वस्तात समाधान मानावे, याचे वाईट वाटते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना आमची विनंती एवढीच, की पुढच्या वेळी एखादा जुना बालनायक पडद्यावर परत येईल, तेव्हा मूळ पुस्तकाशी तो किती प्रामाणिक आहे याची मोजदाद करून थांबू नये. त्या अंधारात शेवट कुणाला ठाऊक आहे, हे पाहावे. तो मुलाला ठाऊक नसेल, आणि काही काळापुरता आपल्यालाही विसरायला लागला असेल, तर गोष्ट मुलाची आहे. आपण आधीपासूनच सुखरूप असू, तर ती फक्त आपली आहे, आणि तिचे तिकीट मुलाच्या नावाने काढायला नको.